भारानुसार पीळ बदलणारे प्रोपेलर : रचनेचे टप्पे, त्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

फायबरचे लवचीक पाते बनवून ते नौकेला बसवले की वेगानुसार आपोआप योग्य आकार घेईल, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपासून छोट्या कार्यशाळांपर्यंत सर्वत्र आढळते. असे पाते वेग ओळखत नाही आणि आपण कोणते काम करत आहोत हेही त्याला कळत नाही. त्याला फक्त अंगावर येणारा भार कळतो. म्हणून रचनेचा क्रम भारापासून सुरू होतो. भारावरून वाकलेल्या स्थितीतला आकार ठरतो, त्यावरून तंतूंची दिशा, आणि सर्वांत शेवटी साच्यातला, म्हणजे भार नसतानाचा आकार. बहुतेक जण नेमके उलट करतात. चांगल्या धातूच्या प्रोपेलरचा आकार घेतात, तोच फायबरमध्ये उतरवतात आणि मग गणित मांडायला बसतात. अशा प्रोपेलरचा पिच, म्हणजे पात्याच्या तिरकसपणामुळे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर, कामाच्या वेळी कमी पडतो आणि दोष मात्र मोटरला दिला जातो.

पुढे सोयीसाठी एकच उदाहरण घेतले आहे. सर्वेक्षणाची एक छोटी मानवरहित नौका, ०.४० मीटर व्यासाचा तीन पात्यांचा प्रोपेलर, मोकळ्या प्रवासात ४ मीटर प्रतिसेकंद वेग आणि उपकरण ओढताना २ मीटर प्रतिसेकंद वेग. आकडे अंदाजी असले तरी एकमेकांशी जुळणारे आहेत, त्यामुळे आपल्या नौकेचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करता येईल.

टप्पा १ : भाराचा तक्ता आधी मांडा

नौका ज्या ज्या स्थितीत खऱ्या अर्थाने वेळ घालवणार आहे, त्या प्रत्येक स्थितीसाठी चार गोष्टी लिहून काढाव्यात : नौकेचा वेग, प्रोपेलरचे सेकंदातील फेरे, लागणारा थ्रस्ट (नौकेला पुढे ढकलणारे बल) आणि एकूण वेळेतला त्या स्थितीचा वाटा. नौकेच्या वेगावरून प्रोपेलरपाशी येणाऱ्या पाण्याचा वेग काढताना नौकेमागच्या मंद प्रवाहाची वजावट करावी लागते. आपल्या उदाहरणात ती दहा टक्के धरली आहे. म्हणजे प्रवासात ३.६ आणि ओढताना १.८ मीटर प्रतिसेकंद.

त्यानंतर प्रगती-गुणांक काढावा, म्हणजे प्रवाहाच्या वेगाला फेरे आणि व्यास यांच्या गुणाकाराने भागावे. सेकंदाला १५ फेरे, म्हणजे ९०० आरपीएम धरले तर प्रवासात हा गुणांक ०.६० येतो आणि थ्रस्ट-गुणांक (थ्रस्ट भागिले पाण्याची घनता, फेऱ्यांचा वर्ग आणि व्यासाचा चौथा घात यांचा गुणाकार) सुमारे ०.१६ धरल्यास थ्रस्ट साधारण ९४५ न्यूटन होतो. आता ओढण्याच्या स्थितीचे दोन पर्याय पाहू, कारण सगळा प्रश्न या दोन पर्यायांतच आहे.

पहिल्या पर्यायात चालक फेरे कमी करून सेकंदाला १२ वर आणतो. प्रगती-गुणांक ०.३७५ होतो, थ्रस्ट-गुणांक सुमारे ०.२५ आणि थ्रस्ट पुन्हा ९४५ न्यूटनच. दोन्ही स्थितींत पात्यावरचा भार सारखा असल्यामुळे पाते दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच वाकेल आणि आकार बदलण्याचा काहीही लाभ होणार नाही. दुसऱ्या पर्यायात इंजिन किंवा नियंत्रक फेरे १५ वरच ठेवतो. तेव्हा प्रगती-गुणांक ०.३० आणि थ्रस्ट-गुणांक सुमारे ०.२८ होऊन थ्रस्ट १,६५० न्यूटनच्या आसपास जातो. भार पावणेदोन पट झाला, म्हणजे पात्याला प्रतिसाद द्यायला काहीतरी मिळाले.

तपासणी : तक्त्यातील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी थ्रस्ट यांचे गुणोत्तर १.३ च्या आत असेल, तर भारावर चालणाऱ्या लवचीक पात्याचा विचार येथेच सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका फेऱ्यातच भार फार कमी-जास्त होत असेल तेवढा अपवाद धरावा. नौकेच्या मागच्या खांबामुळे प्रवाह असमान होतो, तेथे तो धरता येतो.

इशारा : विजेची मोटर फेरे सहज बदलू शकते. त्यामुळे विजेवरच्या नौकांमध्ये हा उपाय अनेकदा अनावश्यक ठरतो.

टप्पा २ : आकार कोण बदलणार ते ठरवा

तीन मार्ग आहेत आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. नियंत्रित-पिच प्रोपेलरमध्ये अख्खे पाते हबमध्ये, म्हणजे पाती जिथे बसतात त्या मधल्या गाभ्यात, फिरते, पण त्याचा स्वतःचा आकार बदलत नाही. मुळाशी आणि टोकाशी सारखाच कोन बदलतो. जिथे भार सारखा राहून केवळ वेग बदलतो, तिथे तोच मार्ग बरा.

दुसरा मार्ग सक्रिय पात्याचा. पात्यात निकेल-टायटॅनियमच्या आकारस्मृती मिश्रधातूच्या (तापवल्यावर मूळ आकाराकडे परतणाऱ्या) तारा किंवा पिझो पट्ट्या (विद्युतदाब दिला की किंचित आकार बदलणाऱ्या) बसवून ते विजेने वाकवले जाते. तारेला तापवावे लागते आणि भोवतालचे पाणी ती उष्णता सतत ओढून घेते. पुन्हा पुन्हा वापरायच्या तारेकडून ३-४ टक्क्यांपेक्षा जास्त ताणाची अपेक्षा ठेवू नये. पिझो पट्टी झटपट प्रतिसाद देते, पण हालचाल फार थोडी करते आणि तिला उच्च विद्युतदाब लागतो. शिवाय फिरत्या हबपर्यंत वीज नेण्यासाठी स्लिप रिंग आणि तिचे जलरोधन हे वेगळेच काम होऊन बसते.

तिसरा मार्ग निष्क्रिय पात्याचा. तंतू तिरपे बसवल्यामुळे पाते वाकले की आपोआप पिळतेही. यालाच या लेखात वाक-पीळ सांगड म्हटले आहे. यापुढचे सर्व टप्पे या तिसऱ्या मार्गासाठी आहेत.

येथे एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. पाण्याचा गतिज दाब भागिले पात्याचा परिणामी कडकपणा, गुणिले लांबी-जाडी गुणोत्तराचा घन. हा आकडा दशांशाच्या घरात आला तरच जाणवण्याजोगा वाक मिळतो, शतांशाच्याही खाली असेल तर पाते व्यवहारात कडकच राहते. आपल्या प्रोपेलरच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १८.८ मीटर आहे, त्यामुळे ६ मिमी जाडीचे पातेही वाकते. याउलट, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘माया’सारख्या छोट्या पाणबुड्या-यानांचा वेग सेकंदाला दीडेक मीटर असतो आणि त्यांचे प्रोपेलरही सावकाश फिरतात. तेथे दाबच इतका कमी असतो की पाते वाकवण्यासाठी ते धोकादायक म्हणण्याइतके पातळ करावे लागेल.

टप्पा ३ : कडक प्रोपेलरची आधाररेषा

प्रथम धातूचा, न वाकणारा प्रोपेलर नीट रचावा. वागेनिंगन बी-मालिकेची, म्हणजे चाचण्या घेतलेल्या प्रमाणित प्रोपेलरांच्या संचाची, बहुपदी समीकरणे यासाठी पुरेशी आहेत. ती २ ते ७ पाती, ०.३० ते १.०५ क्षेत्रफळ-गुणोत्तर (पात्यांचे एकूण क्षेत्रफळ भागिले प्रोपेलरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ) आणि ०.५ ते १.४ पिच-गुणोत्तर (पिच भागिले व्यास) या मर्यादेत वापरावीत. मूळ समीकरणे २० लाख रेनॉल्ड्स अंकासाठी (वेग गुणिले पात्याची रुंदी, भागिले पाण्याचा गतिक चिकटपणा) आहेत. आपल्या उदाहरणात ०.७ त्रिज्येवर (अक्षापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या सात-दशांशावर) पाण्याचा सापेक्ष वेग सेकंदाला १३.७ मीटर आणि पात्याची रुंदी सुमारे १४० मिमी आहे, म्हणून हा अंक बरोबर त्याच घरात येतो. रेनॉल्ड्स अंक लाखाच्या घरात असलेल्या छोट्या यानांनी ही समीकरणे दुरुस्तीशिवाय वापरू नयेत.

तक्त्यातील दोन्ही स्थितींसाठी स्वतंत्रपणे सर्वोत्तम पिच-गुणोत्तर काढावे. आपल्या नौकेसाठी प्रवासात ०.९ आणि ओढताना ०.७ च्या आसपास येते असे धरू. ०.७ त्रिज्येवर याचे कोनात रूपांतर केले तर २२.३° आणि १७.७°, म्हणजे सुमारे ४.६° चा फरक. हा आपला आदर्श. तो पूर्ण मिळणार नाही, हे आत्ताच मान्य करून पुढे जावे.

टप्पा ४ : किती पीळ हवा आणि किती शक्य

लहान विकृतीपर्यंत पीळ भाराच्या प्रमाणात वाढतो. प्रवासात ९४५ न्यूटनला पाते १.२५° पिळले, तर १,६५० न्यूटनला ते सुमारे २.२° पिळेल. दोहोंतला फरक जेमतेम ०.९°. ४.६° हवे होते आणि मिळाले एक अंशाहून कमी, हे पाहून अनेक जण निराश होतात आणि पाते आणखी लवचीक करायला निघतात. तसे करू नये. ०.७ त्रिज्येवर एक अंश म्हणजे पिच-गुणोत्तरात सुमारे ०.०४५ चा बदल होय आणि जास्त भाराच्या स्थितीत टॉर्क, म्हणजे प्रोपेलर फिरवायला लागणारा जोर, कमी करण्यासाठी तो पुरेसा उपयोगी आहे. इंजिन दमत असेल तर हाच अंश त्याला श्वास घेऊ देतो. त्यापलीकडचा पीळ मिळवायचा तर पाते इतके नरम करावे लागते की कंपन आणि आयुष्य हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहतात.

दिशाही तपासावी. आपल्याला भार वाढल्यावर पिच कमी हवा आहे, आणि तसाच हवा असला पाहिजे. भार वाढल्यावर पिच वाढणारे पाते आणखी भार ओढून घेते, आणखी पिळते आणि शेवटी मोडते.

टप्पा ५ : तंतूंची दिशा आणि थर

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात.

मुळाकडून टोकाकडे जाताना तंतू पात्याच्या पुढच्या धारेकडे कलत असतील, तर पाते थ्रस्टच्या दिशेने वाकताना पिच कमी होतो. मागच्या धारेकडे कलले तर वाढतो. याचे कारण असे, की तंतूच्या रेषेत पाते वाकायला तयार नसते. ती रेषा सरळ राहावी म्हणून पुढची धार मागे राहते आणि पाते पिळले जाते. हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

कोन किती ठेवावा? शोधाची सुरुवात १५° ते ३५° या पट्ट्यात करावी. कोनाची किंमत कडकपणात मोजावी लागते हे विसरू नये. तंतूंच्या दिशेत १३५, आडव्या दिशेत ९ आणि कर्तनात ५ गिगापास्कल कडकपणा असलेल्या कार्बन-इपॉक्सीचा पात्याच्या लांबीतला कडकपणा १५° वर सुमारे ५२ आणि ३०° वर सुमारे २१ गिगापास्कल उरतो. तुलनेसाठी, निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचा कडकपणा १२० च्या आसपास असतो. म्हणून सर्व थर तिरपे ठेवण्याऐवजी काही थर ०° वर, म्हणजे सरळ मूळ ते टोक, ठेवून ताकद सांभाळावी आणि उरलेले थर पिळासाठी वापरावेत.

थरांची रचना जाडीच्या मध्याभोवती सममित हवी, पण +३० आणि –३० अशी संतुलित नको. संतुलित रचनेत दोन्ही दिशांचे पीळ एकमेकांना मारतात. सवयीने ‘अधिक-उणे’ थर टाकणाऱ्या कारागिराला हे आधी समजावून सांगावे लागते, कारण बोटीची कवचे करताना त्याची तीच सवय बरोबर असते.

आता साच्याची गोष्ट, कारण कागदावर बरोबर असलेली रचना येथे उलटते. पात्याचा साचा दोन भागांत असतो, एकात पुढचे पृष्ठ आणि दुसऱ्यात मागचे. दोन्ही साचे टेबलावर उघडे ठेवून, मुळाची बाजू आपल्याकडे आणि टोक पलीकडे करून पाहिले, तर एका साच्यात पुढची धार डाव्या हाताला येते आणि दुसऱ्यात उजव्या हाताला. नकाशावर ‘३०° उजवीकडे’ असे लिहिलेले असेल, तर कारागीर दोन्हीकडे उजवीकडेच कापड ठेवतो. दोन्ही भाग जोडले की एकीकडे +३० आणि दुसरीकडे –३० झालेले असते. वाक-पीळ सांगड नाहीशी होते आणि वरून साच्यातून निघालेले पाते स्वतःच किंचित पिळलेले येते. यावर उपाय साधा आहे. नकाशावर डावे-उजवे कधीच लिहू नये. ‘पुढच्या धारेकडे ३०°’ एवढेच लिहावे आणि दोन्ही साच्यांच्या कडेवर पुढची धार रंगाने खुणावावी.

तपासणी : पारदर्शक कागदावर एका साच्यातील तंतूंच्या रेषा काढाव्यात, कागद उलटून दुसऱ्या साच्यावर ठेवावा. रेषा जुळल्या पाहिजेत. रेझिन ओतण्यापूर्वी प्रत्येक थराला हे करावे.

इशारा : मागे झुकवलेले, म्हणजे स्क्यू असलेले पाते तंतू सरळ असले तरी भाराखाली पिच कमी करते. स्क्यू आणि तिरपे तंतू यांचे परिणाम एकत्र येतात. शिवाय अशा पात्यात कोन कोणत्या रेषेपासून मोजला, सरळ त्रिज्येपासून की पात्याच्या वक्र मध्यरेषेपासून, हे नकाशावर लिहिले नसेल तर टोकाकडे पाच-दहा अंशांचा घोळ सहज होतो.

टप्पा ६ : पाणी आणि पाते यांचे जोडगणित

कडक पात्यावरचा दाब काढून तो एकदाच फायनाइट एलिमेंट प्रतिकृतीला (पात्याचे छोटे तुकडे पाडून विकृती काढणाऱ्या संगणकीय गणिताला) लावणे पुरेसे नाही. पाते पिळले की दाब कमी होतो, दाब कमी झाला की पीळ कमी होतो. आपल्या दिशेने पिळणाऱ्या पात्यात एकदाच केलेले गणित पीळ नेहमी जास्त दाखवते. ओढण्याच्या स्थितीतला १,६५० न्यूटन हा आकडाही कडक पात्याचा आहे, प्रत्यक्षात तो याहून कमी भरेल.

क्रम असा ठेवावा. पॅनेल पद्धतीने (पृष्ठभागाचे छोटे तुकडे पाडून) किंवा सीएफडीने (संगणकावरील प्रवाहगणिताने) दाब काढावा. तो संरचनेच्या जाळीवर नेताना एकूण थ्रस्ट आणि टॉर्क दोन्ही जाळ्यांवर सारखे येतात का, ते पाहावे. मोठ्या विकृतीचा पर्याय सुरू ठेवून विकृती काढावी. नव्या आकारावर पुन्हा दाब काढावा. या गणिताच्या सलग दोन फेऱ्यांत ०.७ त्रिज्येवरचा पीळ ०.०५° पेक्षा आणि थ्रस्ट अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी बदलला की थांबावे. आकडे वरखाली झुलत राहिले तर प्रत्येक फेरीत बदलाचा अर्धाच भाग लावावा. तरीही ते स्थिरावत नसतील तर दोष गणिताचा नसून पात्याचाच असण्याची शक्यता धरावी. पाते अस्थिरतेच्या जवळ आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

टप्पा ७ : साच्यासाठी भार नसतानाचा आकार

टप्पा ३ मध्ये काढलेला प्रवासाचा आकार भाराखाली मिळायला हवा. म्हणून साच्यातला आकार त्याहून जास्त पिचचा असतो. ०.७ त्रिज्येवर २२.३° हवे आणि १.२५° पीळ पडणार, तर साच्यात सुमारे २३.५° ठेवावे लागतात. हे प्रत्येक त्रिज्येवर वेगळे येते. मुळाशी जवळपास शून्य, टोकाकडे जास्त.

केवळ कोन वाढवून भागत नाही. पाते पुढेही वाकते, त्यामुळे टोकाची जागा बदलते आणि खांब किंवा नळीपासूनचे अंतर कमी-जास्त होते. म्हणून गणितातून येणारे सर्व बिंदूंचे विस्थापन उलट्या दिशेने लावावे, नव्या आकारावर टप्पा ६ पुन्हा करावा आणि इच्छित आकाराशी फरक काढून पुन्हा दुरुस्ती करावी. बहुधा थोड्याच फेऱ्यांत आकार जुळतो.

कोणत्या स्थितीसाठी हा आकार जुळवायचा, हे तक्त्यातील वेळेच्या वाट्यावरून ठरवावे. नौका ऐंशी टक्के वेळ उपकरण ओढत असेल, तर प्रवासाच्या स्थितीला मध्य मानण्यात काहीच अर्थ नाही.

टप्पा ८ : चार तपासण्या, साचा कापण्यापूर्वी

कंपन. फायबरचे पाते हलके असते आणि त्याच्याबरोबर हलणारे पाणी पात्याच्या वजनाच्या कितीतरी पट असते. ब्राँझच्या पात्याची मूळ वारंवारता पाण्यात हवेतल्या साठेक टक्क्यांवर येते. पातळ फायबरची मात्र एक-तृतीयांशाच्या जवळ घसरू शकते. आपल्या ६ मिमी पात्याची हवेत सुमारे १३० हर्ट्झ येत असेल, तर पाण्यात ती ४०-४५ वर येते. शाफ्ट सेकंदाला १५ फेरे घेतो, म्हणजे असमान प्रवाहाचे धक्के १५, ३०, ४५, ६० हर्ट्झला बसतात. बरोबर ४५ वर आपण उभे आहोत. हवेतल्या आकड्यावर समाधान मानणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. अशा वेळी जाडी किंवा ०° चे थर वाढवून वारंवारता दोन गुणितांच्या मध्ये न्यावी आणि मग टप्पा ५ वर परत जावे.

ताकद आणि थकवा. ९०० आरपीएमला पाते तासाला ५४,००० फेरे घेते, म्हणजे हजार तासांत ५.४ कोटी. तंतू क्वचितच तुटतात, तिरप्या थरांतले रेझिन आणि थरांमधला जोड आधी सुटतो. मुळाजवळ थर एकाच ठिकाणी संपवू नयेत, पायऱ्यापायऱ्यांनी संपवावेत. इपॉक्सी पाणी शोषते आणि त्यामुळे कर्तनातला कडकपणा उतरतो. पीळ ठरवणारा घटकही मुख्यतः तोच, म्हणून गणित ओल्या गुणधर्मांनीही एकदा करावे.

कॅव्हिटेशन, म्हणजे दाब घटून पाण्यात वाफेचे बुडबुडे होणे. आपल्या प्रोपेलरचा अक्ष पृष्ठभागाखाली ०.४ मीटर धरला आणि पाणी २८° तापमानाचे असेल, तर ०.७ त्रिज्येवरचा कॅव्हिटेशन-अंक (जितका कमी तितका बुडबुड्यांचा धोका जास्त) प्रवासात १.०६ च्या आसपास येतो. ही तपासणी वाकलेल्या आकारावर करावी, साच्यातल्या आकारावर नाही.

उलट फेरे. या तपासणीकडे जवळपास सर्वांचेच दुर्लक्ष होते. नौका मागे घेताना मागची धार पुढची होते. पुढच्या धारेकडे कललेले तंतू आता प्रवाहाच्या दृष्टीने मागे कललेले ठरतात आणि भार वाढल्यावर पिच कमी करणारे पाते पिच वाढवणारे होते. एकदम थांबण्याच्या प्रसंगी पाते याच स्थितीत असते.

इशारा : उलट फेऱ्यांचे गणित स्थिर होत नसेल, तर नियंत्रकातच उलट फेऱ्यांची कमाल मर्यादा घालावी. चालकाच्या सावधपणावर ती सोपवू नये.

टप्पा ९ : पाते तयार करणे

येथे दोनच गोष्टींवर भर देतो, बाकी रेझिन इन्फ्युजनची (निर्वाताने रेझिन थरांत ओढून घेण्याची) नेहमीची शिस्त पुरते. पहिली, जाडी. वाकण्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ६ मिमीऐवजी ६.३ मिमी झाली तर तो सुमारे १६ टक्के वाढतो आणि पीळ त्या मानाने कमी होतो. तीन पात्यांतले एक जाड झाले तर शाफ्ट थरथरतो. म्हणून साच्याच्या दोन भागांमध्ये ठोकळे घालून जाडी पक्की करावी, केवळ बोल्टच्या आवळण्यावर विसंबू नये. रंग आणि पॉलिश यांसाठी कडा घासतानाही हेच भान ठेवावे.

दुसरी, हबशी जोड. कार्बन फायबर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला लागला की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. पात्याच्या मुळाभोवती काचतंतूंचा अखंड थर द्यावा, बोल्टच्या भोकांनाही काचतंतूंच्या किंवा प्लास्टिकच्या बुश बसवाव्यात. पुढच्या धारेला धातूची पातळ पट्टी किंवा पॉलियुरेथेनची कड द्यावी. आपल्या खाड्यांमध्ये जाळ्यांचे तुकडे, दोऱ्या आणि लाकडे इतकी वाहत असतात की त्याशिवाय धार हंगामभर टिकणे अवघड आहे.

टप्पा १० : आधी टेबलावर, मग पाण्यात

टेबलावरची चाचणी सोपी आहे आणि तीच टाळली जाते. हब घट्ट पकडावा. प्रवासात एका पात्यावर ३१५ न्यूटन येतात, म्हणजे सुमारे ३२ किलो वजन. ते ०.७ त्रिज्येवर, मऊ पट्टा घालून, चार-पाच टप्प्यांत टांगावे. पुढच्या आणि मागच्या धारेवर एकेक डायल गेज लावावा. १४० मिमी रुंदीवर एक अंश पीळ म्हणजे दोन गेजमध्ये सुमारे २.४ मिमीचा फरक. वजन काढल्यावर काटे शून्यावर आले नाहीत, तर थरांत काहीतरी सुटले आहे.

पट्ट्याची जागा नेमकी हवी. तो मागच्या धारेकडे सरकला तर पिळाचा आकडा तंतूंमुळे आलेला नसून निव्वळ ओढण्यामुळे आलेला असतो. म्हणून वजन रुंदीतल्या दोन ठिकाणी टांगून दोन्ही नोंदी घ्याव्यात. या नोंदींची तुलना फायनाइट एलिमेंटमध्ये तशाच एका बिंदूवर भार देऊन करावी. पाण्याचा पसरलेला दाब आणि टांगलेले वजन यांची उत्तरे जुळत नसतात आणि जुळवूही नयेत.

तपासणी : तिन्ही पात्यांचा पीळ परस्परांच्या पाच टक्क्यांत यावा. न आल्यास पाण्यात उतरू नये.

लहान प्रतिकृतीवर चाचणी करायची असेल, तर नौकांच्या चाचणीची नेहमीची फ्रूडची मापनपद्धत (वेग आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करणारी) येथे दिशाभूल करते. अर्ध्या आकाराची प्रतिकृती त्याच साहित्यात करून फ्रूडप्रमाणे वेग कमी केला, तर दाब निम्मा होतो आणि विकृतीही निम्मी. मग लवचीक प्रोपेलर कडकासारखाच वागतो, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. साहित्य तेच असेल तर टोकाचा वेगही तोच ठेवावा लागतो. आपल्या उदाहरणात ०.२० मीटरच्या प्रतिकृतीला सेकंदाला ३० फेरे आणि पाण्याला ३.६ मीटरचा वेग द्यावा लागेल, आणि थरांची एकूण जाडीही निम्मी करावी लागेल. मद्रास आणि खरगपूर येथील आयआयटींमध्ये टोइंग टँक (प्रतिकृती ओढून पाहण्याचे लांब हौद) आहेत, विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत कॅव्हिटेशन टनेल आहे. अशा ठिकाणी वेळ मागताना लागणारा वेग आणि फेरे आधी कळवावेत, म्हणजे तेथील यंत्रणा तेवढे देऊ शकते की नाही हे प्रवासापूर्वीच समजेल.

नौकेवरच्या पहिल्या चाचणीत कडक आणि लवचीक असे दोन्ही प्रोपेलर एकाच दिवशी, एकाच भरतीत, एकाच वजनाने चालवावेत. केवळ वेग मोजून काही कळत नाही, टॉर्क आणि फेरे एकत्र नोंदवावेत. चाचणीनंतर पाते पुसून मुळापासून टोकापर्यंत नाण्याने हलके ठोकावे. आवाज एखाद्या जागी बद्द आला तर तेथे थर सुटले आहेत असे समजून टेबलावरची चाचणी पुन्हा करावी. पहिल्या पन्नास तासांनंतर आणि पुढे दर हंगामाच्या सुरुवातीला हीच नोंद घ्यावी, कारण पाणी मुरल्यावर तेवढ्याच वजनाला पीळ किती वाढला, हे त्या वहीतूनच कळते आणि साच्यातला पिच पुढच्या संचासाठी किती बदलायचा तेही त्यावरूनच ठरते.